शेगडीपाशी नेऊ नये

सोम., ५ जाने.
छावणीतल्या हेल्पडेस्कला कामाला लागून महिना होत आला. फौजींचे कॉम्प्युटर फोनवरूनच सुरू करून द्यायचे. कुठून बोलताय, हे मात्र विचारायचं नाय. आज एक हवालदारसाहेब. मागं वारं असं घोंगावत होतं की इथं बसून माझ्या अंगावर काटा! अन् मी घरी पुंडलिकनगरात स्वेटरवर शाल घेऊन कुडकुडते.
त्यांच्या चौकीवर एका जवानाच्या छातीत दुखतंय. ईसीजी खाली डॉक्टरला पाठवायचा, तर लॅपटॉप गारठून बंद. दुसरा नाय. मी शहाणी म्हणाले, "शेगडीपाशी ठेवा. ऊब लागली की चालू करा."

मंगळ., ६
हवालदारसाहेबांचा फोन. "बेटी, अंदर पानी आ गया. अब तो बत्ती भी नहीं जलती."
एकदम ऊब लागली अन् आत दव धरलं. माझ्यामुळं. आमचे सर म्हणाले, "नवा लॅपटॉप वर पोचेपर्यंत..."
जेवणाच्या सुट्टीत अण्णांना फोन. साहेबांचं नाव-गाव काही न सांगता, शेगडीचं तेवढं सांगून रडले. अण्णा म्हणजे माझे वडील, गावाकडं मेंढरं राखतात. म्हणाले, "अगं येडे, गारठलेलं कोकरू जाळापाशी नेतो व्हय आपण? पुसून घोंगडीत घ्यायचं, पोटाशी धरायचं."
लहानपणापासून बघत आले की हे! तवा कुठं गेली होती अक्कल?
साहेबांचा फोन आल्यावर सांगितलं: बॅटरी काढा, पुसा, अंगाच्या उबेनं वाळू द्या. घाई नको.

बुध., ७
चालू झाला!! ईसीजी गेला!
सगळे जवान पाळीपाळीनं लॅपटॉप झोपायच्या पिशवीत घेऊन निजले म्हणे. आजारी जवानपण पाळी मागत होता, त्याला दटावून गप्प केलं. साहेब हसत सांगत होते. अरे काय माणसं ही! स्वतःला ऊब पुरंना, तिथं यंत्राला दिली, ते पण माझ्यासारख्या पोरीच्या शब्दावर. लई भरून आलं.

शुक्र., ९
डॉक्टर म्हणतात, त्या आजारी जवानाला खाली आणाच. पण हवा खराब, हेलिकॉप्टर जाईना.
काम झालं की फौजीला विचारून तक्रार बंद करायची, असा नियम. सर म्हणाले, "लॅपटॉप चालतोय ना? मग कर की बंद."
साहेबांना विचारलं.
"बेटी, लड़का नीचे उतर जाए, तब बंद करना."
तक्रार उघडीच ठेवली.