पेल्यांपाशी उभी राहिलेली बाई

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली तरी मी तुझ्यावर चिडलेलीच आहे. तुझ्या नातीच्या बोरन्हाणावरून. डोंबिवलीच्या आपल्या दोन खोल्यांत तू शेगडीवर परात ठेवून तिळांवर थेंब थेंब पाक सोडत बसलेलीस. कोणी जवळ आलं की खेकसायचीस, "हात लावू नका, काटा मोडेल!" त्या हलव्याचा हार, बाजूबंद, मुकुट, सगळं तूच केलंस. आणि बायका जमल्यावर स्वयंपाकघरात जाऊन बसलीस. मी हात धरून ओढलं तर म्हणालीस, "शुभकार्यात हट्ट नको. तुझे बाबा गेलेत. मी पुढे यायचं नसतं." बाहेर बाळाच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे ओतताहेत, पोरं ती लुटताहेत, आणि तू दाराच्या फटीतून बघत चहा गाळते आहेस. तो चहा मोरीत ओतावासा वाटला मला.

आता त्याच नातीला मुलगी झालीय. लग्न करून ती कल्याणला सिंधी घरात गेली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी त्यांची लाल लोई असते. शेकोटी पेटवतात, तिच्यात नारळ घालतात. विहीणबाईंचा फोन आला, "ताई, तुमची बोरं पण त्याच दिवशी आणा ना. बाळाला कितीदा सजवायचं?" संक्रांत लागायच्या आधी बोरन्हाण! तू घर डोक्यावर घेतलं असतंस. मी हो म्हटलं. दागिनेही ठाण्याच्या बाजारातून तयार घेतले.

गच्चीवर शेकोटी पेटली. काळ्या झबल्यातलं बाळ गळ्यातला हार चोखत बसलेलं. लेक म्हणाली, "चला, सगळ्याजणी पुढे या." आणि आई, माझे पाय मागे वळले. तुझे जावई दोन वर्षांपूर्वी गेले, तुला कुठून माहीत असणार. मी जिन्यापाशी जाऊन सरबताचे पेले मांडायला लागले. विहीणबाई बोरांचं पातेलं घेऊन आल्या. "ताई, इथे काय करताय?"

"तुम्ही सुरुवात करा. माझा हात नको."

त्यांना आधी कळलंच नाही. कळल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "अहो, मला पण कुठे नवरा आहे? मग काय, वॉचमनला बोलवायचं?"

पातेलं त्यांनी माझ्या हातात कोंबलं. मी ओतलं. एक बोर नाकावर आपटलं तशी बाळ भोकाड पसरून रडलं, मग पोरांची झोंबाझोंबी बघून खिदळायला लागलं. शेकोटीतला नारळ काढून फोडला. धुरकट खोबरं सगळ्यांनी खाल्लं, मी दोनदा मागून घेतलं. काहीही अशुभ झालं नाही, आई. काही म्हणजे काही नाही.

हे तुला चांगलं ऐकवावं म्हणून लिहायला बसले. पाठवायचा तर प्रश्नच नाही. पण एवढं भांडल्यावर खरं ते सांगते. विहीणबाई आल्या नसत्या, तर सगळं आटपेपर्यंत मी पेलेच मांडत राहिले असते.