लोणच्याला भिऊन पळालेलं लिंबू

अप्पा,

तुमचं श्राद्ध भाऊ दर वर्षी नीट करतो. मी आदल्या दिवशी जाऊन राहते, सोवळ्यात स्वयंपाक करते, नमस्कार करते, आणि मनातलं काहीही त्या नमस्कारात येऊ देत नाही, कारण त्या दिवशी गेलेल्या माणसाला वाईट बोलू नये. आज कसलीच तिथी नाही. साधा मंगळवार आहे. नातीच्या शाळेला सुट्टी आहे, ती समोर जमिनीवर पालथी पडून पुस्तक बघते आहे, वरण गॅसवर आहे, आणि जमाखर्चाच्या वहीची मागची पानं कोरी आहेत. तेव्हा आज सांगते. मला तुमचा राग आहे. लहानपणी होता तो वेगळा, तो विझत आला होता. हा ह्या महिन्यातला आहे, ताजा आहे, आणि तो तुमच्या पदरात टाकल्याशिवाय मला बरं वाटायचं नाही.

माझी मुलगी चेन्नईला नोकरी करते. तिच्या कामाच्या वेळा अशा की पोरीला सांभाळायला कोणी नाही, म्हणून जूनपासून नात माझ्यापाशी कुंभकोणात आहे. साडेचार वर्षांची. येत्या मे महिन्यात ती परत जाणार, मग भेट सुट्टीपुरती. आली तेव्हा तोंडात तमिळ होतं आणि थोडं इंग्रजी. मी आपल्या घरच्या मराठीत बोलायची, ती तमिळमध्ये उत्तर द्यायची, मला ‘पाट्टी’ म्हणायची. तिच्या बापाचं घर तमिळ. तिच्या आईला आपलं बोलणं समजतं पण बोलता येत नाही, आणि ते का येत नाही ह्याचा जाब तुम्हालाच विचारायचा आहे. म्हणजे आपलं बोलणं ह्या पोरीच्या तोंडात बसायचं असेल तर ते मेपर्यंत आणि माझ्याकडूनच. नंतर कोणी नाही. देवापुढे दिवा लावतानासुद्धा मी हल्ली एवढंच मागते.

दिवाळीला मुलगी आली ती पोरीसाठी एक पुस्तक घेऊन. मी चाळलं. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत एक अक्षर नाही.

“अगं, ह्यात छापायचं राहिलंय. पावती आहे ना? बदलून घे.”

“अम्मा, ते तसंच असतं. नुसत्या चित्रांचं,” ती नेहमीसारखी तमिळमध्ये म्हणाली.

“मग वाचायचं काय?”

“वाचायचं नाही. बघायचं आणि बोलायचं.”

“बोलायला पुस्तक विकत आणावं लागतं होय? मला फुकट येतं.”

ती हसली. मी पुस्तक कपाटात वर ठेवलं, पोरीनं स्टूल ओढून खाली काढलं.

पुस्तकात एक बाई डोक्यावर टोपली घेऊन बाजाराला निघते. टोपलीतून एक लिंबू पडतं आणि पानापानांतून पुढे जात राहतं. न्हाव्याच्या खुर्चीखालून, बैलाच्या पायांमधून, देवळाच्या पायऱ्यांवरून तळ्यात. शेवटच्या पानावर ते एका खिडकीत आहे, खिडकी कुणाची ते कळत नाही. मी शेंगा निवडत बसले असताना पोरगी ते घेऊन आली, चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “इदु एन्न?” हे काय. मी म्हटलं, “लिंबू.” खाली तमिळ अक्षरं असती तर मी तमिळ वाचलं असतं. इंग्रजी असती तर तिनं आईच्या फोनची वाट पाहिली असती. काहीच नव्हतं, म्हणून माझ्या तोंडात जे होतं तेच बाहेर आलं, आणि ते आपलं होतं. अप्पा, आपल्या घरात आलेलं प्रत्येक पुस्तक दुसऱ्या कुणाच्या तरी बोलण्याचं होतं. तुमची मराठी पुस्तकंसुद्धा. ती पुण्याकडची, त्यांतल्यासारखं आपल्यात कुणीच बोलत नव्हतं. माझ्या स्वयंपाकघरातल्यासारखं बोलू देणारं पुस्तक मी साठी उलटल्यावर पाहिलं.

थोड्या दिवसांनी पोरगीच मला सांगायला लागली. लहान मुलांना असल्या पुस्तकात काय सापडतं ते मी शेजारी बसून पाहिलं आहे, त्यामुळे तुमच्या तोंडावर सांगू शकते. आपण मोठी माणसं लिंबाच्या मागे धावतो. ती न्हाव्याच्या आरशात दिसणाऱ्या मांजराकडे बघत बसते. ते मांजर मला कित्येक दिवस दिसलंच नव्हतं. मनात आलं तर एका पानावर अर्धा तास, नको असेल तेव्हा चार पानं एकदम उलटून थेट तळ्यात. मागे जाते, लिंबू पुन्हा टोपलीत घालते, बाईला घरी पाठवते. ओळ चुकली असं म्हणायला तिथे कोणी नाही. एरवी घरात प्रत्येकाला तिच्याहून जास्त येतं, त्या पुस्तकापुरतं तिला सगळ्यांहून जास्त येतं, आणि हे तिला पक्कं ठाऊक आहे. मान कशी ताठ करून बसते! एके दिवशी लिंबू आजीकडे निघालेलं असतं, दुसऱ्या दिवशी त्याला बैलाशी लग्न करायचं असतं. सगळ्यांत आवडती गोष्ट मात्र एकच: “आज्जी, लिंबू भिऊन पळालं. त्याला ऊरुगाय नक्को.” ऊरुगाय म्हणजे लोणचं, तो शब्द तमिळ. ‘नक्को’ आपलं. आणि ‘पाट्टी’ची ‘आज्जी’ कधी झाली ते मला कळलंसुद्धा नाही. त्या संध्याकाळी मी विठ्ठलापुढे साखर ठेवली.

आता आईचं. तुम्ही तेव्हाच विसरून गेला असाल. भांड्यांच्या दुकानाची, सराफाची, विड्याच्या पानांच्या व्यापाऱ्याची जुनी कॅलेंडरं आई जपून ठेवायची. एका वर्षी तिनं त्यांची चित्रं कापून, दुमडून, जाड दोऱ्यानं शिवली. ते आमचं पुस्तक. आईला वाचता येत नव्हतं. मी सात वर्षांची आहे, आई इडलीचं वाटते आहे, पुस्तक पाटावर उघडं आहे. मुरुगन देव मोराशेजारी उभा, दोन्हीकडे दोन बायका. “हा राजा हुता गे,” आई सांगते आहे, “एकीला केळं दिलं की दुसरीला कोपम्. ही बघ, कशी तोंड फिरवून उभी राहिलीय. आता रात्री ह्याला जेवायला कोण वाढणार?” भाऊ आणि मी हसून लोळतो आहोत. तुम्ही शिकवता त्या पट्टीश्वरमच्या शाळेतलं सुट्टीतलं काम उरकून सायकलवर येता आणि दारातच थांबता.

“हुता काय? होता. कोपम् काय? राग म्हण. पोरांना हे शिकवतेस?”

आई म्हणाली, “चित्र दाखवतेय, शिकवत कुठे आहे?”

“अक्षर नाही ते पुस्तक नव्हे. आणि तू बोलतेस ते मराठी नव्हे.”

मग तुम्ही पाटावर बसून शांतपणे दोरा उसवलात. शाळा उघडायची होती. एकेका चित्राचं तुम्ही आमच्या वह्यांना कव्हर घातलंत, चित्र आत आणि कोरी बाजू बाहेर, आणि त्या कोऱ्या बाजूवर तुमच्या सुरेख अक्षरात आमची नावं, इयत्ता, विषय लिहिलेत. भाऊ गणिताच्या तासाला कव्हराची घडी हळूच उचलून मोराचं शेपूट बघायचा. आईनं उसवलेला दोरा गोळा करून रिळावर गुंडाळला, चांगला होता म्हणून.

त्यानंतर तुम्ही घरात असलात की आई आमच्याशी तमिळमध्ये बोलायला लागली. तमिळमध्ये तुम्हाला तिची चूक काढता येत नव्हती, तिचं तमिळ तुमच्याहून चांगलं होतं. पुढे तुम्ही नसतानाही ती तमिळच बोलायला लागली. ती गेली त्या दिवशी मी इस्पितळात तिच्या उशाशी होते, आणि ती मला म्हणाली, “पोदुम्, नी पो, कुळंदै अळुम्.” पुरे, तू जा, पोर रडत असेल. माझ्या आईचं मला सांगितलेलं शेवटचं वाक्य परक्या घरातल्यासारखं आहे, अप्पा. ते मी तुम्हाला माफ करणार नाही. तुम्ही म्हणायचात, तमिळ मुलखात इतक्या पिढ्या टिकलेली भाषा मी शुद्ध ठेवतो आहे. ठेवलीत. भावाची मुलं एक शब्द बोलत नाहीत, आणि मीही माझ्या मुलीशी भीत भीत बोलले, निम्मं आपलं, निम्मं तमिळ, कारण प्रत्येक वाक्याला वाटायचं की दारात कोणीतरी उभं आहे. मला तुम्ही देवनागरी शिकवलीत, मॅट्रिकपर्यंत नेलंत आणि तिथेच थांबवलंत. ह्याच अक्षरांत तुम्हाला लिहिते आहे. आभार मानत नाही.

आता ह्या महिन्यातलं. पोंगलच्या सुट्टीनंतर एका दुपारी पोरगी शाळेत होती आणि पुस्तक उघडं पडलं होतं. मला वाटलं, बोलायला तर लागली, आता ह्याच पुस्तकात अक्षरंही शिकेल, दुसरं आणायला नको. चित्रांखाली पांढरी जागा होती. मी पट्टीनं बारीक रेघा आखल्या आणि बॉलपेननं प्रत्येक चित्राखाली दोन-दोन वाक्यं लिहिली. पुसता येऊ नयेत म्हणून बॉलपेन. वळणदार, ठसठशीत. तास-दीड तास मान वर केली नाही. पोरगी आली, तिनं पान उघडलं.

“आज्जी, हे काय?”

“तुझी गोष्ट लिहिली. ऐक. लिंबू टोपलीतून खाली पडले. लिंबू रस्त्यावरून घरंगळत गेले.”

तिनं पुढचं पान उलटलं. मग म्हणाली, “आणि ऊरुगाय?”

“ते इथे लिहिलेलं नाही.”

“मग ते भिऊन पळालं नाही?”

“चित्रात नुसतं घरंगळतंय ना, बाळ.”

तिनं चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. “नीये पडि,” म्हणाली. तूच वाच. तमिळमध्ये.

आठवडाभर ती रोज पुस्तक आणायची आणि तोंड मिटून बसायची. मी वाचायची, ती ऐकायची, कुठे बोट ठेवायची नाही. मग आणणंही बंद केलं. बाकीचं बोलणंही तमिळवर गेलं. मी रबर ओलं करून अक्षरं घासून पाहिली, तर कागदाला भोक पडलं आणि बैलाचा एक पाय गेला. शेवटी मुलीला फोनवर सांगितलं. तुमची कव्हरं तिला पाठ आहेत, माझ्याकडून शंभरदा ऐकली आहेत. ती म्हणाली, “अम्मा, तुझ्या अप्पांनी कव्हरं घातली, तू खाली लिहिलंस. कोरा कागद दिसला की तुम्हा दोघांना राहवतच नाही.” मी फोन ठेवला. पुस्तक दुसरं पाठवते म्हणत होती, ते ऐकून घ्यायला थांबले नाही. हा राग तेव्हाचा. इतकी वर्षं मी तुमच्याविरुद्ध आईच्या बाजूला बसले होते, आणि पेन हातात आल्याबरोबर तुमच्या जागेवर जाऊन बसले. मला तिथे बसायला कोणी शिकवलं?

गेल्या गुरुवारी मीच पुस्तक काढून तिच्यापुढे ठेवलं. ती म्हणाली, “नीये पडि.” मी म्हटलं, “माझा चष्मा हरवलाय गं. चित्रं दिसतात, खालची बारीक अक्षरं दिसत नाहीत.” चष्मा देव्हाऱ्यात विठ्ठलाच्या तसबिरीमागे होता. देवाला आड उभं करून खोटं बोलले, आयुष्यात पहिल्यांदा. पोरीनं खाटेखाली शोधलं, तांदळाच्या डब्यात हात घालून पाहिलं, माझ्या अंबाड्यातसुद्धा पाहिलं. मग येऊन बसली.

“काहीच दिसत नाही?”

“काही नाही.”

“मग मी सांगते.” तिनं पुस्तक उघडलं. मग लिंबाखालच्या माझ्या वळणदार ओळीवरून बोट फिरवत हळूच म्हणाली, “ह्या काळ्या मुंग्या आहेत. लिंबाच्या मागे लागल्या. सगळ्या पानांत लागल्या. आज्जी, लिंबू पळालं, पण मुंग्या लई हुत्या.”

अप्पा, हुत्या. होत्या नव्हे, हुत्या. तुम्ही दारात उभे असता तर? मी म्हटलं, “मग गे?” ती म्हणाली, “मग मुंग्यांना पण ऊरुगाय नक्को. म्हणून त्या पण पळाल्या.” आणि बैलाचा पाय त्या मुंग्यांनीच खाल्ला.

तेव्हापासून चष्मा तसबिरीमागेच आहे. पोथी समोर उघडत नाही, जेवढं पाठ आहे तेवढं म्हणते. पाच दिवस जमाखर्च लिहिलेला नाही. पोरगी आत्ताच विचारून गेली, “आज्जी, काय करतेस?” म्हटलं, रेघोट्या ओढतेय. तिला पटलं. ती त्या बैलाशी काहीतरी भांडते आहे, मोठ्यानं, आपल्या बोलण्यात, आणि एक वाक्य सरळ नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. वहीतून फाडून तसबिरीमागे सरकवीन. हे सगळं मी अंदाजानं लिहिलं, वर काय उमटलंय ते मला दिसत नाही. चुका असणार. आणि कबूल करते, तसबिरीमागचा चष्मा घेऊन त्या सुधारायला माझा हात आत्तासुद्धा शिवशिवतो आहे.