ऑसिलोस्कोपची वाटणी

मी, शालन बाबुराव ओव्हाळ, वय ६२, धंदा मोजमापाच्या उपकरणांची दुरुस्ती (आता बंद), राहणार विश्रांतवाडी, पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाखाली न येता आणि कोणाचा सल्ला न ऐकता लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्याची एक प्रत सोसायटीच्या फलकावर लावावी. वकील पूर्णिमाताईंनी मसुद्याच्या माथ्यावर सवयीने ‘श्री’ घातला होता. आमच्या घरात १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर तो कोणी घातलेला नाही, सबब काढायला लावला.

१. राहता फ्लॅट माझ्या स्वकमाईचा आहे. तो माझा धाकटा भाऊ समाधान याची मुलगी सोनाली हिला द्यावा. ती हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि फ्लॅट विकणार, हे मला ठाऊक आहे. खुशाल विकावा. मात्र न्हाणीघरातली पिवळी पडलेली फरशी आधी उखडून सोसायटीच्या अध्यक्षांना भेट द्यावी. त्यांनी तिच्यावरून मला इतक्या नोटिसा पाठवल्या की ती त्यांना फार प्रिय असावी.

२. बँकेतली शिल्लक विहाराच्या अभ्यासिकेला. पुस्तके घ्यावीत, माझ्या नावाची पाटी लावू नये. सोल्डरिंगची हत्यारे शकूला द्यावीत. ती माझ्याकडे काम शिकली आणि आता माझ्याच कामात चुका काढते, म्हणजे नीट शिकली.

३. आता ऑसिलोस्कोप. विजेची चाल पडद्यावर रेघेने दाखवणारे हे जुने विलायती यंत्र मी आणि समाधानने भंगाराच्या लिलावात घेतले आणि येरवड्याच्या आमच्या वर्कशॉपमध्ये उभे केले. त्याच्या पाठीत एक कार्ड बसत असे. पडद्यावरची रेघ ते संगणकाकडे पाठवायचे, आणि गिऱ्हाईकाला छापील दाखला मिळायचा. १९९२ साली बाहेरचा नवा माल सहज येऊ लागला. समाधानला कोथरूडला कॉम्प्युटर क्लास काढायचा होता. तो म्हणाला, “ताई, हे खोकं आता भंगारात टाक.” भंगारातून आणलेली वस्तू पुन्हा भंगारात टाकायला मी काही वेडी नव्हते. वाटणी करायचे ठरले.

वाटणीला वडिलांचे मित्र दत्तोबा बसले. त्यांनी जन्मभर गावच्या विहिरीच्या पाळ्या आणि बांधांची भांडणे सोडवलेली. बाकी सगळे बरोबर निम्मे झाले, हे यंत्र तेवढे उरले. दत्तोबांनी कार्ड ओढून पाहिले. “निघतंय न्हवं भाईर? मग ही येगळी वस्तू हाय. खोकं ताईला, कार्ड भावाला. झालं!” मला वाटले समाधान बोलेल. त्याला वाटले मी बोलेन. दोघांनी सह्या केल्या. माझे यंत्र मुके झाले आणि त्याचे कार्ड कपाटात गेले. ~~तेव्हापासून आमच्यात बोलणे नाही.~~

४. कार्ड मी नव्याने करायला घेतले. यंत्राच्या बाजूने कुठल्या टोकाला काय येते ते मोजले, नकाशा काढला, तपकीर गल्लीतून सुटे भाग आणले, आणि तांबे चढवलेली पाटी न्हाणीघरात औषधात बुडवून कोरली. (फरशी.) सगळे जमले, फक्त मूळ कार्डावरच्या चिपमधला प्रोग्राम मिळेना. तो अंदाजाने लिहिता येत नाही.

सोनालीने हा पसारा पाहिला आणि घरी सांगितला. पुढच्या रविवारी समाधानची बायको दीपाली हिचा फोन आला. “ताई, हे म्हणतायत, चिपमधलं वाचून दाखवू का?” कार्डच का देत नाही, असे मी विचारले नाही. ते द्यायचे तर वाटणी मोडावी लागली असती, आणि वाटणी मोडायला दोघांना बोलावे लागले असते. मग दर रविवारी तो तिकडे प्रोग्रामचे आकडे वाचायचा, दीपाली ते मला सांगायची, आणि मी लिहायचे. त्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू यायचा. एकदा दीपालीने ओळ गाळली. मागून त्याचा आवाज आला, “एक ओळ गेली, सांग तिला!” मी म्हटले, “त्याला सांग, ऐकू आलं.” बिचारीने तेही सांगितले. त्या रविवारांची मी वाट पाहत असे. आकडे संपले तेव्हा मला फार वाईट वाटले.

५. कार्ड चालते. ते मूळ कार्डापेक्षा दोन बोटे लांब झाले आहे, म्हणून यंत्राचे झाकण बसत नाही. यंत्र व माझे कार्ड सोनालीला द्यावे. झाकणासाठी कार्ड कापू नये. मूळ कार्ड माझे नाही, सबब त्याच्याबद्दल मी काही लिहू शकत नाही.

६. समाधानला मी काहीही देत नाही. याचा कोणी भलता अर्थ काढू नये. पूर्णिमाताईंच्या सांगण्याप्रमाणे ज्याच्या घरी काही जायचे त्याने साक्षीदार न झालेले बरे, आणि साक्षीदाराने समोर बसून मला सही करताना पाहावे लागते. सोनालीचे लग्न होऊन ती सासरी आहे, तेव्हा समाधानला ती अडचण येत नाही. मला समाधान साक्षीदार हवा आहे. निरोप नेहमीप्रमाणे दीपालीकडे दिला आहे. दुसरे साक्षीदार शेजारचे रावसाहेब. ते कशावरही सही करतात. समाधान न आल्यास त्याची जागा दुसऱ्या कोणाकडून भरून घेऊ नये, सही पुढे ढकलावी. मला घाई नाही.

खाडाखोडीबाबत: कलम ३ मधले शेवटचे वाक्य सही करण्यापूर्वी मी स्वतः खोडले आहे. समाधान आला, पाणी प्यायला, उघड्या यंत्रात बराच वेळ डोकावला, आणि दीपाली शेजारी बसलेली असताना तिच्याकडे न बघता म्हणाला, “ताई, चष्मा लाव. भलतीकडेच सही करशील.” मी म्हटले, “लावते.” सबब ते वाक्य आता खरे राहिलेले नाही.

ठिकाण: विश्रांतवाडी, पुणे
दिनांक: ७ नोव्हेंबर २००४

(सही) शालन बाबुराव ओव्हाळ

साक्षीदार, आमच्यासमक्ष सही झाली:

१. (सही) रावसाहेब शेळके, विश्रांतवाडी

२. (सही) समाधान बाबुराव ओव्हाळ, कोथरूड. खाडाखोड मलाही मान्य आहे.