न वाचता दिलेली परवानगी

३ नोव्हें., सोमवार

जुन्या तपासण्यांचं फोल्डर रिकामं.

सकाळी सव्वानऊला हॉस्पिटलच्या दुर्बीण-तपासणी विभागातल्या डॉक्टरीणबाईंचा फोन. "वर्षा, मागचे फोटो उघडून नाही राहिले." मला वाटलं, नेटवर्क. नेहमीप्रमाणे "मशीन बंद करून चालू करा" म्हणून मोकळी झाले. मग स्वतः बघितलं तर उघडायला फाइलीच नाहीत.

शनिवारी तिमाही साफसफाई झाली. ती रिपोर्ट-सेवा, म्हणजे सर्व्हरवरचा एक प्रोग्रॅम, आपली आपण करते. दिवसभर मागे गुपचूप चालते, मशीनकडून रिपोर्ट घेते, पेशंटच्या मोबाइलवर लिंक पाठवते. स्वतःचा कचरा काढायचा सोडून तिने जुनं फोल्डर झाडलं. आणि बॅकअप इतका आज्ञाधारक, की इकडे पुसलं ते त्याने तिकडेही पुसलं.

आमच्या कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख डोंगरे सर खुर्ची ओढून शेजारी बसले. "पण तिले तिथं जाताच येत नव्हतं," एवढंच म्हणाले.

येत होतं. मला माहीत होतं.

४ नोव्हें.

जेवताना नितीनला सांगितलं. नवऱ्याला सांगायचं म्हणजे पहिलीपासून सुरुवात. म्हटलं, सर्व्हरच्या गाभ्यात एक चौकीदार बसवलेला असतो. प्रत्येक सेवेची त्याच्याकडे यादी. काय वाचायचं, कुठे लिहायचं, कुठे पाऊल टाकायचं नाही. यादीत नसेल तर खुद्द मालकाच्या नावाने चालणाऱ्या सेवेलाही आत सोडत नाही.

"मग याने काहून सोडलं?"

"यादीत होतं."

"कोणी लिहिलं?"

मी त्याला भाजी वाढली.

इथे तरी लिहिते. ती यादी सरांची. दोन महिने खपून हाताने लिहिलेली, आणि प्रत्येक नियमाच्या डोक्यावर मराठीत कारण. 'प्रिंटरसाठी. काउंटरवरचा, जो अडकतो तो.' मी हसायचे. सर म्हणायचे, "मागते म्हणून नाही वं, लागते म्हणून द्यायचं."

ऑगस्टमध्ये सेवेचं नवं व्हर्जन आलं आणि चौकीदार तिला पावलोपावली अडवायला लागला. रिपोर्ट तुंबले. काउंटरवर भांडणं. सर लेकीच्या बाळंतपणासाठी पंधरा दिवस अमरावतीला. मी चौकीदाराला नुसत्या नोंदीवर ठेवलं. अडवू नको, लिहून ठेव. आठ दिवसांनी त्या नोंदींवरून नवे नियम करायला बसले. त्यासाठी एक साधन आहे, ते एकेक नोंद दाखवून विचारतं, देऊ का? प्रश्न दोनशेच्या आसपास. पहिले दहा-बारा वाचले. मग नुसतं 'ए' दाबत गेले. ए म्हणजे अलाऊ. दुसऱ्या हातात फोन, फोनवर शिंपीणबाई, विषय ब्लाउजच्या बाह्या. मधेच त्याने जुन्या फोल्डरमधल्या एकाच फाइलीबद्दल विचारलं. पुन्हापुन्हा विचारू नये म्हणून पूर्ण फोल्डर देण्याचीही सोय असते. मी पूर्ण फोल्डर दिलं. लिहायची परवानगी, म्हणजे त्यातच पुसायचीही.

एवढंच. एक बटण.

५ नोव्हें.

कपाटातल्या डिस्कवर मार्चपर्यंतचं सापडलं. एप्रिल ते ऑक्टोबर गेलं ते गेलं.

काउंटरवरून बोलावणं. सावनेरच्या एक बाई नवऱ्याला घेऊन आलेल्या. जूनमध्ये दुर्बीण घालून अन्ननलिकेतली जखम बघितली होती, आता ती भरतेय की वाढतेय ते ताडून बघायचं. मोबाइलवरची लिंक दाखवत होत्या. लिंक आमच्याच सर्व्हरची, उघडणार कशी. नवरा बाकावर पाय वर घेऊन बसलेला.

"मंग जूनमध्ये त्यायच्या घशात नळी घातली ते वाया गेलं का?"

मी म्हटलं, "ताई, मशीनचा प्रॉब्लेम झाला."

मशीनचा. बरं सुचतं मला.

७ नोव्हें., शुक्रवार

मीटिंग. व्यवस्थापक वानखेडे साहेब, सर, मी. साहेबांना यातलं काही कळत नाही, त्यामुळे त्यांनी सोपा प्रश्न विचारला. "ते नियम कोणी लिहिले?"

फाइल मोठ्या पडद्यावर लावली. पहिल्याच ओळीत सरांचं नाव. ऑगस्टमध्ये बदल केले तेव्हा खाली माझं घालायला हवं होतं. घातलं नाही. तेव्हा घाई म्हणून, नंतर...

सरांनी चष्मा लावला. सावकाश खाली खाली जात होते. एका जागी थांबले. कुठे थांबले ते मला दिसलं. तिथून पुढे कारणं नाहीत, नुसते नियम.

मग चष्मा काढून म्हणाले, "फाइल माही आहे."

मी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होते. लागलेलंच होतं.

८ नोव्हें.

दिवसभर स्वतःशी वकिली. सेवेतच चूक होती, कंपनीने लिहिलीच तशी. बॅकअप असा कोणी ठेवतं का. रिपोर्ट तुंबले तेव्हा शिव्या मी खाल्ल्या, सर अमरावतीला नातू खेळवत होते. सगळं खरं आहे.

पण सर परत आल्यावर त्यांनी विचारलं होतं, "वाचलं ना सगळं?" आणि मी म्हटलं होतं, "हो सर." म्हणून त्यांनी पुन्हा बघितलं नाही. तेवढा माझ्यावर विश्वास. बटणाची मला इतकी लाज नाही वाटत, त्या 'हो सर'ची वाटते.

१४ नोव्हें.

सरांची निवृत्तीनंतरची मुदतवाढ थांबवली. आजपासूनच. एकसष्ट पूर्ण आहेत, तेव्हा कोणाला काही विशेष वाटलं नाही. काउंटरवरचा एक जण म्हणाला, "वय झालं ना, होते चूक." हे ऐकून मान हलवली मी. हलवली.

सरांचं ड्रॉवर दहा मिनिटांत रिकामं. जाताना म्हणाले, "एसीचं पाणी त्या कोपऱ्यात गळते, बादली ठेवत जा." सोमवारपासून विभागाचा चार्ज माझ्याकडे. आईला फोन केला तर ती खूश.

१७ नोव्हें.

सरांची यादी परत लावली. नवं व्हर्जन अडलं तिथे एकेक बघून नियम दिला. पाच दिवसांचं काम आहे. ऑगस्टमध्येही पाच दिवसांचंच होतं.

२३ नोव्हें., रविवार

नितीनला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग अजून इथं काहून बसली?" स्कूटी काढली. आमच्या नंदनवनहून सरांच्या घरी जरीपटक्याला, बाजारात गर्दी, दोनदा परत फिरावंसं वाटलं. एकदा फिरलेही, पुलापर्यंत.

सर अंगणात कुंडीतली माती उकरत होते. काकूंनी चहा दिला, पोहे दिले, वर "बारीक झाली वं पोरी" म्हणाल्या.

काकू आत गेल्यावर म्हटलं, "सर, ते पूर्ण फोल्डर मी दिलं होतं. वाचलं नव्हतं."

"माहीत आहे."

"मग तुम्ही मीटिंगमध्ये काहून नाही सांगितलं?"

सर हात पुसत राहिले. मग म्हणाले, "मले वाटलं, तू सांगशील."

रागाने नाही. जेवायला थांबतेस का विचारावं तसं. रागावले असते तर बरं झालं असतं, मीही काहीतरी बोलले असते. रडू आलं ते तिथे नाही, घरी येताना सिग्नलवर आलं. शेजारचा रिक्षावाला बघत होता.

निघताना मी म्हटलं, "मी साहेबांना सांगते." सर म्हणाले, "तुह्या मनाले विचार. मी काही म्हणत नाही."

२५ नोव्हें.

सांगितलं. वानखेडे साहेबांच्या केबिनमध्ये उभं राहून, एका दमात. बटण, फोल्डर, वाचलं नव्हतं, सरांशी खोटं बोलले, सगळं.

साहेबांनी दार लावून घेतलं. "देखो मॅडम, तो विषय आता संपला. वर रिपोर्ट गेला. डोंगरे साहेब तसेही सहा महिन्यांत जाणारच होते. तुम्ही गेल्या तर इथं हे सर्व्हर कोण पाहील? सांगितलं, चांगलं केलं. आता कामाले लागा."

मी म्हटलं, लेखी देते. म्हणाले, नका देऊ.

बाहेर आले. आणि मला हायसं वाटलं. जिन्यात उभी राहून चक्क मोठा श्वास घेतला. दोन जिने उतरेपर्यंत कळलं नाही की हे काय वाटतंय. कळल्यावर स्वतःची शिसारी आली. आता हे कोणाला सांगू? नितीनलाही नाही सांगितलं.

२८ नोव्हें., शुक्रवार

ऑफिसातून सरांचा कार्यमुक्तीचा कागद आला. उद्या अकराला ते घ्यायला येणार. त्याशिवाय राहिलेला पगार निघत नाही.

कारणाच्या रकान्यात टाइप केलंय, 'कामात निष्काळजीपणा'. बदलून द्या म्हणून खाली गेले. क्लार्क म्हणाली, "साहेबांनी सांगितलं तसं लिवलं. तुम्हाले खोडायचं असन तर खोडा, पण बाजूले लिहून द्या काहून खोडलं ते."

कागद घरी आणलाय. जेवणाच्या टेबलावर आहे. नितीनने वाचला आणि उठून गेला.

खाली 'विभागप्रमुख' म्हणून माझं नाव आधीच टाइप झालंय. सहीची जागा तेवढी मोकळी आहे.