सावडीला आंताबांबाचा गडी

ती. आईस, तुझ्या भटक्या पोराचा वाकून नमस्कार.

आमच्या कामावरचे नावेदभाई सुट्टीवर रत्नागिरीला चाललेत, त्यांच्याकडे ही चिठ्ठी देतोय. फोनवर बाबा मध्येच फोन ओढून घेतात. त्यांची कंबर कशी आहे? खरं सांग.

मी मजेत. इथे आखातात, मुहर्रकला माझ्या खोलीत एल्मेर नावाचा पेरू देशाचा पोरगा राहतो, विमानतळावर कार्गोत माझ्याच शिफ्टला असतो. त्याचा आंताबांबा प्रांत म्हणजे नुसते डोंगर. समोरच्या गावातली हाक ऐकू येते, पण जायचं तर दरी उतरून पुन्हा चढायची, अर्धा दिवस गेला! घरात केचुआ बोलतात. बटाटे तर जांभळेसुद्धा असतात. असो, भरकटलो.

तू म्हणालीस ना, सावडीला गावात कोणी उरलं नाही, यंदा लावणी सोडून देऊ? एल्मेरला सांगितलं तर तो चिडलाच. त्यांच्याकडेही सावड असते, तिला ‘आयनी’ म्हणतात. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. म्हणाला, "यल्ला, चल, सुट्टी टाक. मी येतो लावणीला."

"दिवसभर चिखलात वाकशील?"

"तू आमच्या थंडीत वाकशील?"

तर आई, जुलैत दोघं येतोय. शेत सोडू नका. तो तिखट खातो, काळजी नको.

फक्त एक आहे. सावड फेडावी लागते, हे तूच शिकवलंस. आणि त्यांचे बटाटे दसऱ्याच्या सुमारास लावतात. बाबांना तूच सांग, पण लावणी उरकल्यावर.

तुझाच,
सुजय