सामना होईपर्यंत वाईट बोलायचं नाही

२ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. मी सातवी पास, तेव्हा शुद्धलेखनाची जबाबदारी माझी नाही.
कारण असं की आज टेबल टेनिसच्या हॉलवर एका मानसतज्ज्ञ बाईंचं लेक्चर झालं. वय आमच्या लेकीएवढं, पण बोलणं मुद्द्याचं. म्हणाल्या, खेळ हातात कमी आणि डोक्यात जास्त असतो. डोक्यातलं कागदावर उतरवा, हात मोकळा होईल. तेव्हाच माझी ट्यूब पेटली. पाणीपुरवठ्याच्या रिटायर्ड लोकांच्या टेबल टेनिस स्पर्धेत मी दरवर्षी पहिल्याच फेरीत घरी येतो, ते खेळ वाईट म्हणून नाही. खेळ उत्तम आहे. मन दगा देतं. सर्व्हिसला हात कापतो.
सगळा जन्म पंपहाउसमध्ये दाबाच्या काट्याकडे बघण्यात गेला. काटा लाल रेघेला टेकला की झडप उघडायची. माणसाला ही झडप कुठे असते तेही बाई सांगत होत्या, पण तेवढ्यात चहा आला.
यंदा स्पर्धा १३ एप्रिलला. यंदा निदान फायनल.

२ फेब्रुवारी, संध्याकाळ
हिला सगळं सांगितलं. हिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, आंघोळ करताना काखेजवळ गाठ लागते, डॉक्टरला दाखवावं म्हणते. मी म्हटलं, चरबी असेल. या वयात असते. मग लागोपाठ दोन ग्लास पाणी प्यालो. खेळाडूची तयारी सुरू झाली, त्याच दिवशी हिला गाठ सुचावी!

५ फेब्रुवारी
नियम केला. बाई म्हणाल्याच होत्या, वाईट विचारांना खतपाणी घालू नका. पुठ्ठ्यावर जाड अक्षरात लिहिलं: सामना होईपर्यंत वाईट बोलायचं नाही. स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलं.
हिने विचारलं, गॅस संपला तर? म्हटलं, सांग, पण हसून सांग. मग विचारलं, आणि गाठ? म्हटलं, नेमका हाच विषय टाळायचा आहे. तर म्हणते, बरं, चांगलं बोलते. गाठीची प्रगती उत्तम आहे.
लग्न झाल्यापासून जीभ अशीच तिरकी.

९ फेब्रुवारी
लंबूबरोबर प्रॅक्टिस. पंपहाउसमध्ये आम्ही बरोबरीने पाळ्या केल्या. बसला तरी ट्यूबलाइट अडवतो म्हणून लंबू. त्याचं म्हणणं, मनबिन काही नाही रे, तुझा बॅकहँड म्हणजे माशी हाकलणं आहे. त्याला नियम समजावला. म्हणाला, तुझा नियम तुझ्या घरात, माझ्या तोंडाला कशाला?
जाताना विचारलंन, वहिनी वाळल्यासारख्या दिसतात, बरं आहे ना? मी म्हटलं, डाएट करते.
असं का म्हटलं कुणास ठाऊक. पण बोलून गेल्यावर मलाही पटलं.

१४ फेब्रुवारी
नवा अभ्यास. खुर्चीत ताठ बसून डोळे मिटायचे आणि आपण जिंकतोय असं चित्र बघायचं. टेबल दिसलं. समोर हिशेब खात्याचे साहेब, पांढऱ्या बुटात. रिटायर झाले तरी सगळे त्यांना साहेबच म्हणतात आणि कपही तेच नेतात. मी सर्व्हिस करणार, तेवढ्यात टेबल लांबट झालं, त्यावर रेक्झिन आलं, खाली चाकं आली. डोळे उघडले.
पित्त असेल. यापुढे हा अभ्यास उपाशीपोटी करायचा.

२० फेब्रुवारी
लेक आली. सुट्टीचा दिवस नसताना. मायलेकी स्वयंपाकघरात दार लोटून बसल्या. मी पाणी प्यायला गेलो तर बोलणं थांबलं आणि लेक एकदम पडद्याच्या कापडाबद्दल बोलू लागली. जाताना तिने दारावरचा पुठ्ठा मोठ्याने वाचला आणि म्हणाली, बाबा, हे काय आहे? समजावून सांगितलं. तिने विचारलं, आईला डॉक्टरकडे कधी नेताय? म्हटलं, तेरा एप्रिलला स्पर्धा, चौदापासून मी जन्मभर मोकळा. तर म्हणाली, गाठ काय तुमचा सामना बघून मग वाढायचं ठरवणार आहे का?
खेळाडूशी असं बोलतात? उद्या हरलो तर जबाबदार कोण, हे या ठिकाणी नोंदवून ठेवतो.

२७ फेब्रुवारी
मायलेकी खरेदीला म्हणून गेल्या. सकाळच्या गेल्या त्या जेवण टळून गेल्यावर आल्या. हातात पिशवी नाही. हिच्या ब्लाउजच्या बाहीखाली कापूस आणि चिकटपट्टी. ही म्हणाली, दुकानात मनासारखं काही मिळालं नाही.
मी काही विचारलं नाही. एकाग्रता म्हणजे हीच. नजर फक्त चेंडूवर.

४ मार्च
बाईंचं दुसरं लेक्चर. संपल्यावर त्यांना बाजूला गाठलं आणि चाकांच्या टेबलाचं सांगितलं. त्यांनी विचारलं, काका, घरी कुणी आजारी आहे का? म्हटलं, छे. त्या म्हणाल्या, मनातून जे बाहेर ढकलाल ते सर्व्हिसच्या वेळी हातात येऊन बसतं. शांत राहणं म्हणजे तिकडे न बघणं नव्हे. बघायचं, आणि घरच्या माणसाशी बोलायचं.
वाक्य चांगलं आहे. पहिला भाग पाठ केला.
ते चाकांचं टेबल मी ओळखतो. आई दवाखान्यात आपल्या पायांनी चालत गेली होती. मी बाहेर बाकावर बसलो होतो, मला आत यायला सांगितलं, तर आई तसल्याच टेबलावर होती, आणि तिचा चष्मा माझ्या हातात दिला. त्याचा आणि टेबल टेनिसचा काही संबंध नाही.
घरी आल्यावर हिला सांगितलं, बाई म्हणाल्या, माझी प्रगती चांगली आहे. ही म्हणाली, वा, घरात सगळ्यांचीच प्रगती चालली आहे.

१२ मार्च
हिने मला भात लावायला आणि वॉशिंग मशीन चालवायला शिकवलं. म्हणाली, खेळाडू स्वावलंबी हवा. स्वतः स्टुलावर बसून सूचना देत होती. हल्ली बसूनच बरीच कामं करते. पहिला भात करपला, दुसऱ्याची पेज झाली. ही म्हणाली, जमेल हो, न जमून सांगता कुणाला?
लोकांच्या बायका खेळाला नाकं मुरडतात. माझी बघा. यालाच फॅमिली सपोर्ट म्हणतात.

१९ मार्च
आज फोन मी उचलला. एक बाई हिचं नाव घेऊन म्हणाली, ऑपरेशनची तारीख अठ्ठावीस, आदल्या संध्याकाळी भरती व्हायचं, नातेवाईक बरोबर हवेत. मी म्हणालो, राँग नंबर. ठेवून दिला.
तोंडातून निघून गेलं. मुद्दाम नाही.
जेवताना हिने विचारलं, कुणाचा फोन होता? म्हटलं, राँग नंबर. हिने माझ्या ताटात आणखी भाजी वाढली.

१९ मार्च, नंतर
ही गॅलरीत जाऊन फोनवर बोलत होती. मी मोरीत नळ सोडून उभा होतो, तरी ऐकू आलं. म्हणत होती, नाही हो, अठ्ठावीस नको, तेरा एप्रिलनंतरची द्या. हो, रिपोर्ट वाचलाय मी. हो, कळतंय मला. पण घरात सामना आहे.
म्हणजे तारीख तिने स्वतः पुढे ढकलली. मी एका शब्दाने बोललो नव्हतो. जाणती बाई आहे, तिचं तिला कळतं.

२५ मार्च
लेक आली आणि चपलाही न काढता दारातच उभी राहिली. एवढ्या मोठ्याने बोलली की शेजाऱ्यांचा टीव्ही बंद झाला. म्हणाली, बाबा, तुम्हाला खरंच कळत नाही की कळून घ्यायचं नाही? ही मधे पडली. गप ग, तेरापर्यंत थांब, त्यांचा हात कापतो. लेक म्हणाली, त्यांचा हात कापतो म्हणून तू मरणार आहेस का? हिने दारावरच्या पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, वाईट बोलायचं नाही, वाचलं नाहीस का?
लेक रडत गेली. तिला बाईंच्या लेक्चरला पाठवायला हवं, स्वतःवर अजिबात ताबा नाही.
मला मात्र आज हिचा अभिमान वाटला. नियम मी केला, पण पाळला तिने. मला झोपेची गोळी अर्धीच घ्यायची असते, आज पूर्ण घेतली.

५ एप्रिल
लंबूला हरवलं! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पद्धत बरोबर आहे याचा पुरावा.
लंबू म्हणतो, त्याचं लक्ष नव्हतं. त्याच्या बायकोला वहिनी कॅन्सरच्या दवाखान्यात रांगेत दिसल्या म्हणे. मी म्हटलं, कुणाला तरी भेटायला गेली असेल. आणि सर्व्हिस केली. चेंडू त्याच्या अंगावरून गेला, खाली पडला, टेबलाखाली गेला, तरी त्याने उचलला नाही.
तो पॉइंट मी धरला.

१२ एप्रिल
उद्या. बॅट पुसली. बुटांना नवी नाडी. मन एकदम स्थिर. सकाळपासून चार वेळा बाथरूमला जाऊन आलो, पण ते पाणी जास्त प्यालो म्हणून. भात आता मला छान लावता येतो, तोही विषय संपला. ही म्हणाली, मी येणार बघायला. म्हटलं, दगदग नको. म्हणाली, अहो, एवढं थांबले ते काय घरी बसायला?

१३ एप्रिल, दुपार
साहेबांपर्यंत पोचलोच नाही. पहिली फेरी. समोर आमच्या ऑफिसचा जुना कँटीनवाला, गुडघ्याला पट्टा बांधलेला, हातात स्पर्धेचीच उसनी बॅट. सर्व्हिसआधी मी डोळे मिटून चित्र बघत होतो, तर पंच म्हणाले, काका, झोपलात का? लोक हसले. पुन्हा मिटले. पुन्हा तेच रेक्झिन, आणि आज त्यावर आई नव्हती. हात असा कापला की चेंडू माझ्याच बाजूला दोनदा आपटून नेटमध्ये गेला. त्यानंतरचं लिहिण्यासारखं नाही. सरळ तीन गेम. कँटीनवाला हात मिळवताना म्हणाला, बरं वाटत नसलं तर बसा थोडे.
ही पहिल्या रांगेत होती. एवढ्या उन्हाळ्यात शाल घेऊन. मी हरलो तरी टाळ्या वाजवत होती, एकाच हाताने मांडीवर. दुसरा वर उचलत नाही आता.
बाहेर बाकावर बसलो. ही म्हणाली, संपला ना सामना? आता मी बोलते. आणि बोलली. गाठ, तपासायला काढलेला तुकडा, रिपोर्ट, अठ्ठावीस तारीख, सगळं. बाजारातून काय काय आणायचं ते सांगावं तशा आवाजात. शेवटी म्हणालो, हॉलच्या ट्यूबलाइटने डोकं दुखतंय.
ही म्हणाली, दुखणारच, चला घरी.

१९ एप्रिल
दवाखाना. मी आत गेलो, बाकावर बसलो नाही. ही, मी, लेक.
डॉक्टर बराच वेळ कागद उलटसुलट करत होते. म्हणाले, गाठ आता आत चिकटली आहे, लगेच ऑपरेशन करता येणार नाही. आधी औषधं देऊ, मग बघू. मग बघू म्हणताना ते आमच्याकडे बघत नव्हते. मग एकदम आवाज चढला. मार्चमध्ये तारीख दिली होती, ती सोडलीत कशी? घरात कुणी शहाणं माणूस नाही का? माझ्याकडे वळून म्हणाले, तुम्हाला हे कधी कळलं?
लेकीने माझ्याकडे बघितलं.
मला तसं नेमकं माहीत नव्हतं. ही गाठ म्हणाली होती, कसली ते म्हणाली नव्हती. फोनवरच्या बाईनेही आजाराचं नाव घेतलं नव्हतं. हे मी सांगणारच होतो. पण मी तोंड उघडायच्या आत हीच म्हणाली, यांना कुठलं माहीत? मीच लपवलं. यांचा जीव घाबरा, यांना काही सांगत नाही मी.
डॉक्टरांचा आवाज एकदम खाली आला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, असंच होतं काका, या बायका अंगावर काढतात.
मी म्हणालो, हो ना, सांगायला हवं होतं हिने.
लेक खुर्ची मागे सारून बाहेर निघून गेली.
ही म्हणाली, चुकलंच माझं.