फळ्यावरचा किलिमांजारो

एलिशीलियाताई, तुला धाकट्या भावाचा, अनाएलीचा, वाकून नमस्कार. तिकडे टांगा बंदराच्या दमट हवेत तुझे गुडघे कसे आहेत? इथे मारांगूत गाय बरी आहे, कॉफीला फुलं धरलीत आणि माझ्या नाकाचं साल निघतंय. पत्राला उशीर झाला तो नाकापायी नाही, धक्क्यापायी. आठवडा झाला, मी अजून सावरलेलो नाही.

बत्तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर किलिमांजारो काढायचा आणि त्याला पाच पट्टे: केळी, जंगल, झुडपं, वाळवंट, बर्फ. दर हजार मीटरला सहा अंश उतरायचे. डोंगर खिडकीतूनच दिसत असल्यामुळे वर जाऊन बघायची गरज वाटली नाही. (डॉक्टर तरी कुठे आजारी पडून बघतो?) आता निवृत्त झालो, तेव्हा माझा जुना विद्यार्थी ओम्बेनी, जो वाटाड्या आहे, म्हणाला, "चला गुरुजी, मी नेतो." तुझी भावजय ऐकारूवाही निघाली. म्हणे, "तुम्हाला एकटं सोडलं तर रस्ता विचारायच्या ऐवजी सांगत बसाल, असं ताई म्हणाल्या असत्या." सत्तावन्न वर्षांची बायको, गाठोड्यात नेसायच्या-पांघरायच्या चार कांगा आणि उकडलेली केळी. मी धरून चाललो होतो की पहिल्या मुक्कामाहून परतेल.

जंगलात पाऊस भेटला. तो पडत नव्हता, नुसता हवेत उभा होता. पाऊस का पडतो हे मी दोघांना समजावेपर्यंत माझे बूट भरले. दुसऱ्या दिवशी झुडपांत असं धुकं की माझा हात मला दिसेना. इथवर पुस्तक बरोबर होतं. मग वाळवंट आलं. ताई, एका अंगाला ऊन आणि दुसऱ्याला वारा. उजवा कान भाजला, डावा बधिर. ढग आला की स्वेटर, गेला की सदरा. दुपारी नाक करपलं आणि सूर्य बुडाला तशी बाटलीच्या तोंडाशी बर्फ. सहा अंशांचा हिशेब कुणाला सांगू?

स्टोव्हपाशी ओम्बेनी म्हणाला, "गुरुजी, सातवीच्या परीक्षेत मी हेच लिहिलं होतं. तिथे दुपारी भाजतं, रात्री गोठतं. वडील वर ओझी वाहायचे, ते सांगायचे."

"मग?"

"तुम्ही तीन गुण कापलेत. 'मनचं लिहू नये' असा शेरा दिलात. त्या तीन गुणांनी मी नापास झालो."

ऐकारूवा म्हणाली, "मग द्या की त्याचे गुण." पेन गोठलं होतं, म्हणून पेन्सिलीने लिहून, सही करून दिले. त्याने कागद घडी घालून खिशात ठेवला.

सकाळी आपल्या घरचं पाऊल शिखराला लागलं. खाली ढग, शेजारी घरापेक्षा उंच बर्फाची भिंत, आणि वर इतकं ऊन की डोळे उघडवत नव्हते. असो. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनाएली

ता. क. घरचं पाऊल म्हणजे ऐकारूवाचं. मी शेवटच्या मुक्कामावर तिच्या दोन कांगा डोक्याला गुंडाळून ओकत पडलो होतो. वरचं वर्णन तिच्याकडून ऐकलेलं आहे. चर्चमध्ये सांगताना 'दोघं' म्हणू नकोस, शिखर गाठल्याच्या प्रमाणपत्रावर नाव एकच आहे.

आणखी एक. सोमवारी ती पुन्हा वर गेली, ओम्बेनीच्या टोळीची स्वयंपाकीण म्हणून, पगारी. मी विचारलं, "माझं कसं होणार?" ओम्बेनी चढताना आम्हाला सांगायचा तेच म्हणाली, "घाई करू नका, पाणी पीत राहा."

आता मुद्द्याचं. मटोरीला केळी आधी शिजवायची की मटण? दोन भांडी करपली. आणि हिरवी केळी सोलून माझे हात काळेकुट्ट झालेत, ते कशाने निघतं? हिलाच विचारलं असतं, पण ती आज चार हजार मीटरवर आहे.